गाऱ्हाणं 'मांडायचं' की 'घालायचं'?

तुम्ही 'आदर्श समाज' या विषयावर लेख लिहिताय आणि त्यात मालवणकडच्या एका देवळातला प्रसंग घ्यायचाय. एक जण मोठ्यानं बोलतोय, सगळा गाव हात जोडून 'व्हय म्हाराजा' म्हणतोय. त्याला तिथे 'गाऱ्हाणं घालणं' म्हणतात. तुमची अडचण अशी, की गाऱ्हाणं म्हणजे तक्रार, आणि आदर्श समाजात तक्रारी कशा असतील? म्हणून 'प्रार्थना' लिहू का, असं विचारलंत.

कृपा करून लिहू नका. तो एक शब्द बदललात तर त्या प्रसंगातलं सत्त्वच जाईल.

गाऱ्हाणं आलं संस्कृत 'गर्हण'वरून. गर्हण म्हणजे दोष देणं. 'गर्हणीय'मध्ये तोच धातू आहे. गौळणी यशोदेकडे कृष्णाची गाऱ्हाणी घेऊन जातात तेव्हा हाच अर्थ असतो, आणि देशावर तो आजही तसाच आहे. कोकणात मात्र हा शब्द देवळात गेला आणि तिथे ऐसपैस झाला. मालवणी 'गाराण्या'त दुखणं असतं, मागणं असतं ('एकाचे एकवीस कर, पाचाचे पंचवीस कर') आणि कबुलीही असते: 'चुकला माकला असात तर माफ कर.' तक्रार, विनंती आणि स्वतःच्या चुकीची कबुली एकाच दमात सांगणारा दुसरा मराठी शब्द मला तरी आठवत नाही. 'तक्रार' हा शब्द मुळात अरबी, त्याचा अर्थ पुन्हा पुन्हा म्हणणं. 'फिर्याद' फारसी, म्हणजे मदतीसाठी फोडलेला टाहो. दोन्हींत एकटा माणूस दिसतो.

पण तुमच्या प्रश्नातलं खरं रत्न क्रियापदात आहे. आपण गाऱ्हाणं सांगतो, मांडतो, करतो. कोकणात ते 'घालतात'. साकडं घालणं, गळ घालणं, शपथ घालणं, कोडं घालणं हे प्रयोग शेजारी ठेवून बघा. प्रत्येकात समोरचा बांधला जातो. कोडं घातलं की ते सोडवणं त्याच्याकडे लागलं. मांडलेल्या गोष्टीकडे बघून कुणी पुढे निघून जाऊ शकतो. घातलेल्या गोष्टीला उत्तर द्यावं लागतं. अर्थात हे देवाइतकंच 'व्हय' म्हणणाऱ्यांनाही लागू आहे. दुसऱ्याच्या दुखण्याला चारचौघांत होकार दिल्यावर उद्या त्याच्या दारावरून तोंड फिरवून जाणं अवघड होतं.

आमच्या गावच्या जत्रेतला एक प्रसंग सांगतो. गाऱ्हाणं घालणाऱ्याच्या हातात नारळ होता, पावसापाण्याचं, गुराढोरांचं, मुंबईच्या चाकरमान्यांचं सांगून झालं होतं. आता नारळ फुटणार, एवढ्यात मागून एक म्हातारी म्हणाली, "माझ्या झिलाचा पण घाल." मुलगा जहाजावर खलाशी होता. वर केलेला हात खाली आला. "जो लेकरू जहाजार असा, तेका सुखरूप घराक हाड म्हाराजा." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मगच नारळ फुटला. एका म्हातारीसाठी सगळा गाव तेवढा वेळ थांबला. तुमच्या आदर्श समाजाची व्याख्या मी इथून सुरू केली असती.

मात्र हेही लिहा, की ती म्हातारी मागे उभी होती. बोलणारा पुरुष, मानकऱ्यांतला. गावऱ्हाटीत, म्हणजे गावाच्या देवळाभोवतीच्या रूढ व्यवस्थेत, कुणी कुठे उभं राहायचं हे ठरलेलं असतं, आणि ज्यांना सभामंडपाची पायरीच चढू दिली नाही त्यांचं गाऱ्हाणं पिढ्यान्‌पिढ्या कुणी घातलंच नाही. याच कोकणात महाड आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे मंडळात 1923 मध्ये झाला, महाड नगरपालिकेनं 1924 मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर 'व्हय' झालं होतं, पण तळ्यावर कुणी जाऊ देत नव्हतं. शेवटी 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसं तळ्यावर गेली आणि त्यांनी ओंजळीनं पाणी घेतलं. तळ्यावरच्या हक्काचा वाद कोर्टात गेला आणि 1937 पर्यंत चालला. मांडणं आणि घालणं यांतला फरक याहून ठळक मला दाखवता येणार नाही.

गाऱ्हाणी नसलेला समाज मला आदर्श वाटत नाही, भीतीदायक वाटतो. तिथे बोलायचीच चोरी असणार. म्हणून लेखात बिनधास्त 'गाऱ्हाणं घातलं' असंच लिहा, 'मांडलं' नको. 'व्हय म्हाराजा'चं 'होय महाराज'ही करू नका. आणि शक्य असेल तर त्या दिवशी मागच्या रांगेत कोण उभं होतं, ते गावात कुणाला तरी विचारून घ्या.