सुतारकामाचा फारसा अनुभव नसताना घरच्या अंगणात शिडाची कॅटमरान, म्हणजे दोन अरुंद होड्या शेजारी जोडून केलेली बोट, बांधता येईल का?

येईल. रत्नागिरीजवळ मित्राच्या खळ्यात मांडव घालून आम्ही दोघांनी सतरा फुटी बांधली, म्हणून ठामपणे सांगतो. सुतारकाम वाटतं तेवढं आडवं येत नाही. आडवं येतं ते वजन.

साध्या शिडाच्या मोठ्या बोटीला कलंडू नये म्हणून बहुधा तळाशी शिसं किंवा लोखंड लागतं. कॅटमरान सरळ राहते ती रुंदीच्या जोरावर, तिला तसा भार लागतच नाही. दोन्ही हल (होडीची पोकळ अंगं) अरुंद, म्हणून ती पाणी कापत जाते. पण अरुंद असल्यामुळेच जरा ओझं वाढलं की त्या भसकन खाली बसतात, आणि वेगही गेला.

आपल्याकडची पंचाईत प्लायपासूनच सुरू होते. आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय उकळत्या पाण्यातही सुटत नाही, पण तो बहुधा गर्जनसारख्या जड लाकडाचा असतो. ८ बाय ४ ची ६ मिमी शीट १२-१३ किलो भरते. ओकूमे या हलक्या लाकडाची तेवढीच शीट ८ किलोच्या आसपास. वीस शीट लागणाऱ्या बोटीत शंभर किलोंचा फरक पडला, म्हणजे दीड माणूस कायमचा बोटीत बसलेला! ओकूमे बाहेरून येतो, महाग पडतो. झेपत नसेल तर लहान बोट निवडा, पण बोटीच्या नकाशातली प्लायची जाडी स्वतःच्या अकलेने बदलू नका.

नकाशा मात्र विकतच घ्या. जेम्स व्हॅरम या इंग्रज माणसाने स्वतः बांधलेली साडेतेवीस फुटी 'तांगारोआ' दोन सोबतिणींसह १९५५-५६ मध्ये अटलांटिकपार नेली आणि पुढे आयुष्यभर हौशी लोकांसाठीच आराखडे काढले. त्याच्या एकवीस फुटी 'टिकी'तून रॉरी मॅकडुगलने १९९० च्या दशकात जगप्रदक्षिणा केली. (तुम्ही आधी जयगडची खाडी करा.)

व्हॅरमच्या टिकी आणि हितिया या आराखड्यांची पद्धत सोपी आहे. प्लायचे तुकडे कापायचे, कडेला भोकं पाडून तांब्याच्या तारेने टाके घालायचे, आतल्या सांध्यात इपॉक्सीचं (दोन द्रव कालवले की घट्ट होणारं चिकट रेझिन) जाड लुकण भरायचं, वरून काचेचं कापड. दोन हलना जोडणाऱ्या तुळया बोल्टने आवळायच्या नाहीत, दोराने बांधायच्या. लाटेवर दोन्ही हल वेगवेगळ्या हलतात. बोल्ट असले की सगळा ताण त्या भोकांपाशी गोळा होतो, दोर तो थोडा थोडा सोसतो. आपल्या किनाऱ्यावरच्या उलांडीच्या (बाजूला तरंगता ओंडका बांधलेल्या) होड्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे नवीन वाटणार नाही.

इपॉक्सीच्या बाबतीत कोकणची हवा वैरीण आहे. मे महिन्यात मगभर मिश्रण कालवून ठेवलंत तर ते आपोआप तापून धूर सोडतं, म्हणून थोडंच कालवा आणि पसरट ताटात ओता. पावसाळ्यात वाळलेल्या थरावर मेणचट साय येते. ती पाण्याने धुऊन, घासूनच पुढचा हात द्यायचा, नाहीतर वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. आमच्या मते नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच खरा हंगाम. कापड भिजवल्यावर जास्तीचं रेझिन रबरी पट्टीने ओढून काढा. जाड थराने मजबुती येत नाही, फक्त किलो वाढतात. हातमोजे आणि धूळ-मास्क यांत काटकसर नको. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की जन्मभर सुटत नाही, आणि बोट अर्धी राहते ते वेगळंच.

हल उभ्या राहिल्या की बघणारे म्हणतात, झालीच की! तसं नसतं. घासणं, रंग, सुकाणू, डोलकाठी, शीड, दोर, पुल्या यांतच पैसा आणि रविवार जास्त जातात. शीड जुनं, वापरलेलं मिळालं तर सोडू नका.

जागेची काळजी करू नका. एका वेळी एकच हल बांधायची, नंतर दोन्ही टेम्पोतून किनाऱ्यावर नेऊन तिथेच तुळया बांधायच्या. नोंदणीचं काय लागेल ते मात्र प्लाय घेण्याआधीच जवळच्या बंदर कार्यालयात विचारून या. आणि रंगाआधी प्रत्येक हल काट्यावर घ्या. नकाशातल्या आकड्यापेक्षा जास्त भरली, तर आत बाकडं, कपाट, बर्फाची पेटी बसवायचा बेत तिथेच रद्द करा.