दुसऱ्या क्रमांकाचा गोलकीपर

"हंगामभर मुलगा बाकावरच बसून राहिला. अभ्यासही गेला, खेळही गेला. त्याला काय सांगू?" मी समुपदेशक आहे आणि कॉलेजचे सामने संपत आले की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. बहुतेक वेळा आईवडील विचारतात, क्वचित एखादे कोचसुद्धा. उत्तर म्हणून एका मुलाची हकिगत सांगते. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

कॉलेजच्या फुटबॉल संघात तो दुसरा गोलकीपर होता. ही जागा फार अवघड असते. बाकीचे राखीव खेळाडू शेवटची पंधरा-वीस मिनिटं तरी मैदानात उतरतात. आता बऱ्याच स्पर्धांत पाच बदल करता येतात. पण गोलकीपर सहसा कोणी बदलत नाही. पहिल्याला दुखापत झाली, लाल कार्ड मिळालं किंवा त्याच्या हातून चुकांवर चुका झाल्या, तरच दुसऱ्याची पाळी. म्हणजे याचं भलं व्हायचं तर त्याचं काहीतरी वाईट व्हायला हवं. मुलाचं दुखणं नेमकं इथे होतं. ते माझ्या लक्षात यायला मात्र चार सेशन लागली.

आई त्याला घेऊन आली ती झोपेसाठी. रात्री तीन-तीन वाजेपर्यंत जागा असायचा, पहिल्या सत्रात दोन विषय राहिले होते. तो माझ्याशी अभ्यासाबद्दलच बोलायचा. फुटबॉलचं विचारलं की म्हणायचा, "टीम चांगली खेळतेय." खरंच खेळत होती. सातपैकी पाच सामने जिंकले होते. त्यात याची मिनिटं शून्य.

धीर द्यायला सगळे तयार होते. आई म्हणायची, "तू पण टीममध्येच आहेस ना." (हे मोठ्या फुटबॉललाही फार उशिरा सुचलं. 1966चा विश्वचषक इंग्लंडने जिंकला तेव्हा पदकं मिळाली ती अंतिम सामना खेळलेल्या अकरा जणांना. संघातल्या उरलेल्यांच्या हाती ती पडली 2009मध्ये.) कोच म्हणायचे, "तयार राहा." आणि मित्र सांगायचे टिम क्रुलची गोष्ट. 2014चा विश्वचषक, उपांत्यपूर्व फेरी, नेदरलँड्स विरुद्ध कोस्टा रिका. जादा वेळेचं अगदी शेवटचं मिनिट. प्रशिक्षक लुई व्हॅन हाल यांनी फक्त पेनल्टींसाठी गोलकीपर बदलला, सिलेसनला बाहेर बोलावलं. क्रुल आला, त्याने दोन पेनल्टी अडवल्या आणि नेदरलँड्स जिंकलं.

चौथ्या सेशनला मीही ती गोष्ट काढली. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मॅडम, बाहेर आलेल्याचं कोणी सांगत नाही. सिलेसनला आधी काही माहीतच नव्हतं. बाहेर येताना त्याने पाण्याच्या बाटलीला लाथ मारली होती."

"तुला त्याची आठवण का येते?"

मग त्याने सहाव्या सामन्यातलं सांगितलं. पहिला गोलकीपर समोरून येणाऱ्या खेळाडूवर आदळला आणि खांदा धरून खालीच पडून राहिला. कोच बाकाकडे वळून ओरडले, "ग्लोव्हज घाल!" याने उजव्या हाताचा घातला, मनगटाचा पट्टा आवळला. दुसरा घालणार एवढ्यात तिकडे पहिला उठून उभा राहिला. याने पट्टा पुन्हा सोडला.

"तो कळवळत होता, आणि मला आनंद झाला. डाइव्ह कशी मारायची ते मला त्यानेच शिकवलंय, मॅडम. आणि मला आनंद झाला." हे बोलताना त्याची मान खाली होती. झोप त्याच रात्रीपासून गेली होती.

अशा वेळी काय करू नये, हे मी अनुभवाने शिकले आहे. "असे विचार मनात आणू नकोस" असं म्हटलं की मुलं पुन्हा कधी तोंड उघडत नाहीत. मी विचारलं, "तो उठल्यावर तू काय केलंस?" त्याला आठवावं लागलं. "पाणी नेऊन दिलं. खांदा दाबून बघितला." मी म्हटलं, आनंद तुझाच आणि पाणीही तूच नेलंस, दोन्ही खरं आहे. ज्या जागेवर तुला बसवलंय, तिथे बसणाऱ्या कोणाच्याही मनात हे येईल. मनात येणं आणि हातून होणं यात पुष्कळ अंतर असतं. तो रडला. मी रडू दिलं.

पुढचं काम त्या मानाने सोपं होतं. "तयार राहा" या दोन शब्दांनी त्याला अधांतरी टांगून ठेवलं होतं. आम्ही एक प्रश्न ठरवला आणि माझ्यासमोर त्याने तो तीन-चार वेळा म्हणून पाहिला: "सर, या हंगामात मला खेळवायचा विचार आहे का? नसेल, तर मी कशात कमी पडतो?" कोच भले गृहस्थ. त्यांनी सरळ सांगितलं की नाही, या वर्षी नाही. बाजूने उंच चेंडू आला की तू पुढे यायला उशीर करतोस आणि बचावपटूंना तुझा आवाज ऐकू जात नाही. आईला वाटलं, आता हा पार खचणार. वाईट वाटलंच त्याला, दोन दिवस कोणाशी बोलला नाही. पण झोप लागायला लागली. राहिलेल्या दोन विषयांचं वेळापत्रक आम्ही त्यानंतर एका बैठकीत लावलं.

म्हणून घरच्यांना माझं सांगणं इतकंच, की धीर द्यायची घाई करू नका. "आज बाकावर बसून कसं वाटलं?" एवढं विचारा आणि उत्तर कडू आलं तरी मधे तोडू नका. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा कानावर आली, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे न्या.

संघ उपांत्य फेरीत 2–1ने हरला. दुसरा गोल बाजूने आलेल्या उंच चेंडूवर झाला, पहिला गोलकीपर पुढे यायला चुकला. आमचा मुलगा बाकावरच होता. त्या आठवड्यात माझ्याकडे आला तेव्हा बसता बसताच म्हणाला, "गोल झाला तेव्हा पुन्हा तेच वाटलं, क्षणभर." या वेळी तो माझ्याकडे बघून बोलत होता.

"मग?"

"मग मॅच संपली. तो गोलपोस्टला टेकून बसला होता. मी शेजारी जाऊन बसलो. चिखलाने त्याच्या ग्लोव्हजचा पट्टा घट्ट बसला होता, निघेना. मी काढून दिला."