राज्यशास्त्र घ्यावं का? घ्या, पण आधी पत्त्यांचा कॅट काढा

"पदवीला राज्यशास्त्र मुख्य विषय घ्यावा का? पुढे नोकरी लागते का? गणित कच्चं असलं तर निभावतं का? घरचे म्हणतात, राजकारणात जायचं नसेल तर हा विषय कशाला?" असा तुमचा प्रश्न. शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले.

घ्या. एवढं उत्तर पुरत असेल तर इथेच थांबा, कारण पुढे माझे मामा येणार आहेत.

मामा इंजिनिअर. मी राज्यशास्त्र घेतलं हे कळलं तेव्हा ते आईला म्हणाले, "पेपर वाचून जे फुकट कळतं त्याची पदवी घेणार ही?" मी शेजारीच बसले होते, पण बोलले आईशी. ते जास्त लागलं. त्यांचं दुसरं पालुपद असं, की यात शास्त्र कसलं, ज्याला जास्त मतं तो जिंकला, विषय संपला.

पहिल्याच वर्षी आमच्या मॅडमनी एका तासाला आल्या आल्या चिठ्ठ्या वाटल्या. वर्गात आम्ही २७ जण. पुढे आधी काय शिकायचं, हे मतांनी ठरवायचं म्हणाल्या. पर्याय तीन: आंतरराष्ट्रीय संबंध, राजकीय विचार आणि तुलनात्मक राजकारण. मत मात्र स्वतःच्या आवडीनं नाही, चिठ्ठीवर छापलेला पसंतीक्रम आपलाच आहे असं समजून द्यायचं. ११ जणांच्या चिठ्ठीत आधी आंतरराष्ट्रीय संबंध, मग तुलनात्मक, शेवटी विचार. ९ जणांच्या चिठ्ठीत आधी विचार, मग तुलनात्मक, शेवटी आंतरराष्ट्रीय. आणि ७ जणांच्या चिठ्ठीत आधी तुलनात्मक, मग विचार, शेवटी आंतरराष्ट्रीय.

हात वर झाले. ११, ९, ७. आंतरराष्ट्रीय संबंध जिंकले, मागच्या बाकांवर टाळ्याही झाल्या. मॅडम म्हणाल्या, निम्म्या वर्गाचाही पाठिंबा नाही, दुसरी फेरी घेऊ. तळातला पर्याय बाद केला, त्याचे ७ जण आपल्या दुसऱ्या पसंतीकडे, म्हणजे विचारांकडे गेले. विचार १६, आंतरराष्ट्रीय ११. टाळ्या दुसऱ्या बाजूला. मग त्यांनी दोन-दोन पर्यायांची समोरासमोर लढत लावली. बाद झालेल्या तुलनात्मक राजकारणानं आंतरराष्ट्रीयला १६ विरुद्ध ११ असं हरवलं आणि विचारांना १८ विरुद्ध ९. तीच माणसं, त्याच चिठ्ठ्या, एकाचंही मत बदललेलं नाही, आणि जिंकणारे तीन.

त्या रविवारी मामा घरी आले होते. मी पत्त्यांचा कॅट घेऊन सतरंजीवर मांडामांड केली. इस्पिकची ११ पानं, बदामची ९, किलवरची ७, प्रत्येक ढिगापुढे पसंतीक्रमाची चिठ्ठी. चौकट बाजूला ठेवून दिली. मामांनी दोन वेळा मोजलं. तिसऱ्यांदा माझ्या हातातून पानं काढून घेऊन स्वतः मोजलं. चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "हे तर गणित झालं. तुझा विषय कुठाय यात?"

त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. आता सुचतं, म्हणून इथे देते. गणितानं तीन निकाल काढून दिले, इथपर्यंत मामांचं बरोबर. पण त्यातला कुठला निकाल जनतेचा कौल म्हणून जाहीर करायचा? तो नियम कोणी केला, कोणाच्या सोयीचा होता, आणि हरलेले तो मुकाट्यानं का मानतात? हे गणिताला विचारून बघा. मॅडमनी मतं आधी घेतली आणि नियम नंतर सांगितला, हे आमच्या २७ जणांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. माझ्या मते पदवीची सगळी वर्षं याच एका गोष्टीवर डोळा बसायला लागतात.

आणि हे वर्गातले खेळ नाहीत. फ्रान्समध्ये २००२ साली राष्ट्राध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीत १६ उमेदवार होते. शिराक पहिले आले तेही २० टक्क्यांच्या आत. डाव्यांची मतं विखुरली आणि पंतप्रधान असलेले जोस्पँ एक टक्क्याहूनही कमी फरकानं तिसरे येऊन बाद झाले. दुसऱ्या फेरीत शिराक आणि कडवे उजवे ल पेन समोरासमोर. शिराकना ८२ टक्के मतं पडली. हा ८२ टक्क्यांचा कौल कशाला होता? यावर निबंध लिहायला आवडेल असं वाटत असेल तर विषय तुमचा आहे. रात्रीच्या टीव्ही चर्चा आवडतात एवढ्यावर येणार असाल तर येऊ नका, पहिल्या सहामाहीतच कंटाळाल. आमच्या वर्गात असे बरेच होते. त्यांना कोण कुठल्या पक्षात गेलं हे तोंडपाठ असायचं आणि हॉब्ज या इंग्रज विचारवंताला अराजकाची एवढी धास्ती का होती, हे सांगता यायचं नाही. त्याचं 'लेव्हायथन' हे पुस्तक आलं ते १६५१ सालचं इंग्लंड, नुकतंच यादवी युद्धातून गेलेलं, राजाचं डोकं उडवलेलं. तेवढं कळलं की हॉब्ज आपोआप कळतो. नोट्समधून नाही कळत. ॲरिस्टॉटलच्या शाळेनं १५८ राज्यव्यवस्थांची माहिती गोळा केली होती असं सांगतात. आधी माहिती, मग मत. मामांच्या दिवाणखान्यात क्रम उलटा असतो.

आता गणित. कच्चं असलं तर चालतं, पण घाबरून पळणारं असेल तर चालत नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना शाळेत त्रिकोणमिती घेऊ दिली नव्हती. त्यांनी १९५४ साली राज्यशास्त्राची पदवी घेतली. पुढे अर्थशास्त्रात डॉक्टरेट करायची होती, पण गणित पुरेसं नाही म्हणून तिथे दार बंद, मग राज्यशास्त्रातच केली. सामायिक कुरणं, पाटाचं पाणी, मासेमारी, जंगलं हे सगळं लोक सरकारी दंडुक्याशिवाय आणि खासगी मालकीशिवाय नीट कसं सांभाळतात, हे त्यांनी प्रत्यक्ष अभ्यासून दाखवलं. २००९ साली त्यांना नोबेल मिळालं, तेही अर्थशास्त्राचं, आणि त्या विषयात ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. हे मी मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बघ, शेवटी अर्थशास्त्रच." मी ताट उचलून आत गेले.

संख्याशास्त्र मात्र सोडू नका. ऐच्छिक असेल तरी घ्या. मामा दर निवडणुकीचं भाकीत करतात ते "मला भेटणारा प्रत्येक माणूस असंच म्हणतोय" या पायावर. १९३६ साली अमेरिकेत लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकानं हेच मोठ्या प्रमाणावर केलं. सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालानं पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यावरून अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रुझवेल्ट यांच्याविरुद्ध लँडन जिंकणार असं छापलं. रुझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते घेतले होते ते मुख्यतः टेलिफोन आणि मोटारवाल्यांच्या याद्यांवरून, मंदीच्या दिवसांत. शिवाय ज्यांनी उत्तर पाठवायची तसदी घेतली ते आणि ज्यांनी घेतली नाही ते, सारखी माणसं नव्हतीच. जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलपनं त्या मानानं चिमूटभर लोकांना विचारून निकाल बरोबर सांगितला.

नोकरीचं राहिलं. विषयाच्या नावाची पाटी लावलेली नोकरी शिकवण्याखेरीज फारशी नसते. आमच्यातले कोणी वकिलीकडे गेले, कोणी प्रशासनाच्या परीक्षांकडे, कोणी पत्रकारितेत, दोघं सामाजिक संस्थांत. एक बँकेत आहे आणि मजेत आहे. मी सर्वेक्षणांच्या प्रश्नावल्या तयार करते. पहिली बरी नोकरी मिळायला मला वेळ लागला. तेवढी कळ घरच्यांना सोसणार नसेल तर भाषा, कायदा किंवा माहितीच्या विश्लेषणाचं काहीतरी सोबत शिकत राहा. हे मी वर सांगायला हवं होतं, मामांच्या नादात राहून गेलं.

आणखी एक कबुली. त्या २७ चिठ्ठ्यांचे आकडे मॅडमनी मुद्दाम तसे बेतलेले होते. एखाद्याला निम्म्याहून जास्त लोकांची पहिली पसंती असेल तर तिन्ही नियमांनी तोच जिंकतो आणि माझी सगळी जादू संपते. मामांना हे मी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नाही, त्यांना फक्त हे गणित आहे एवढंच सिद्ध करायचं होतं. तशा बहुमताच्या आवडीनिवडी वर्तुळात फिरू शकतात, म्हणजे अ हा ब ला हरवतो, ब हा क ला आणि क पुन्हा अ ला, हे फ्रेंच गणिती काँदोर्सेनं १७८५ मध्येच दाखवलं होतं आणि तीन किंवा अधिक पर्याय असले की पसंतीक्रमावर चालणारी एकही मतपद्धत रास्तपणाच्या सगळ्या माफक अटी पाळू शकत नाही, हे अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ ॲरोनं १९५१ मध्ये सिद्ध केलं. म्हणजे मामा अगदीच चूक नव्हते. गणित आहेच त्यात.

त्या रविवारी निघताना त्यांनी चपला घालता घालता एक गोष्ट विचारली होती. सतरंजीच्या कडेला पडलेल्या चौकटच्या १३ पानांकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि हे कोण?"

मी सहज म्हणाले, "हे मतदानाला आलेच नाहीत."

"म्हणजे सगळ्यात मोठा गट हाच की."

मी पानं गोळा केली आणि कॅट डब्यात भरला. आज मला पगार मिळतो तो बराचसा, जी माणसं उत्तर देत नाहीत त्यांचं काय करायचं या प्रश्नासाठी. मामांना अजून सांगितलेलं नाही.