पहिल्या आठवड्याचा घाम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : भट्टीजवळच्या कामावर नवीन आलेली मुलं दोन-तीन दिवसांत चक्कर येऊन पडतात. जुने कामगार तेच काम आरामात करतात. हल्लीच्या पोरांत दम नाही, की आमचंच काही चुकतंय?

उत्तर : तुमचं वेळापत्रक चुकतंय. उष्णतेची सवय होणं म्हणजे शरीरात खरोखर, मोजता येण्याजोगे बदल होणं. रोज दीड-दोन तास गरम जागी काम केलं की पहिल्या पाच-सहा दिवसांतच रक्तातला द्रवभाग वाढतो आणि तेवढ्याच कामाला नाडी कमी धावते. पुढे घाम लवकर सुटू लागतो, जास्त येतो, पण त्यातून मीठ कमी जातं, कारण अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक घामाच्या नळ्यांमधून मीठ परत ओढून घ्यायला लावतं. हे सगळं जमायला ७ ते १४ दिवस लागतात. जुन्यांचा दम म्हणतात तो बराचसा हाच.

तेव्हा नव्या माणसाला पहिल्या दिवशी गरम जागी पाळीचा २० टक्केच वेळ द्या. ८ तासांच्या पाळीत साधारण दीड तास. रोज २० टक्के वाढवत पाचव्या दिवशी पूर्ण पाळी. उरलेला वेळ थंड जागेतलं काम. रजेवरून आलेल्या जुन्यांनाही एकदम जुंपू नका, कारण आठवडाभर गैरहजर राहिलं तरी सवय उतरू लागते. त्यांच्यासाठी ५०, ६०, ८० आणि चौथ्या दिवशी १०० टक्के.

पाणी दर १५-२० मिनिटांनी पेलाभर, म्हणजे सुमारे २४० मिलिलिटर. तासाला दीड लिटरच्या वर नको. नुसतं पाणी ढोसलं की रक्तातलं सोडियम घसरतं आणि तेही जिवावर बेतू शकतं. पाळीआधी आणि नंतर, ओले कपडे काढून, वजन करा. ६० किलोच्या माणसाचं सव्वा किलो घटलं असेल तर पाणी कमी पडलं. वजन वाढलं असेल तर अती झालं.

एवढं करूनही माणसं पडत असतील तर मजुरीची पद्धत तपासा. मजुरी नगावर असली की पाणी प्यायला थांबणं म्हणजे स्वतःचेच पैसे बुडवणं. नवा माणूस ‘जरा बसू का?’ असं विचारायला कचरतो. स्वच्छतागृह लांब किंवा घाणेरडं असलं की बायका सकाळपासून पाणीच तोडतात, आणि वर ‘बायकांना उष्णता सोसत नाही’ हे ऐकून घेतात! म्हणून विश्रांती मागणाऱ्यालाच देऊ नका. घंटा वाजवून सगळ्यांना एकदम उठवा.

कुणाचं बोलणं अडखळू लागलं किंवा कुणी भलतंसलतं बरळू लागलं तर उष्माघातच समजा, अंगाला घाम असला तरी. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत अंगावर गार पाणी ओतत राहा, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

प्रश्न : रविवारी घरी माझा रक्तदाब १२४/७८ असतो, कामाच्या ठिकाणच्या तपासणीत १५०/९४. साहेबांचा दाब रक्तात उतरतो की काय?

उत्तर : उतरू शकतो. पण आधी मोजणी पक्की करा. मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू नको. लघवी करून या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून ५ मिनिटं गप्प बसा. हात हृदयाच्या पातळीवर टेकलेला हवा, लोंबकळत्या हाताने आकडा फुगतो. मोजताना बोलायचं नाही. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा, मध्ये मिनिटभर थांबून, ७ दिवस मोजा. पहिला दिवस वगळून सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा वर असेल तर डॉक्टरांना दाखवा. एकट्या रविवारवर विसंबू नका. घरी ठीक आणि कामावर जास्त असंच येत राहिलं तर कामाच्या दिवशी २४ तासांचं यंत्र लावून घ्या. रात्री झोपेत दाब १० ते २० टक्के उतरायला हवा. तो उतरत नसेल तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

हुद्द्याचं म्हणाल तर, लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या सुमारे १८ हजार पुरुषांची पाहणी १९६७ साली सुरू झाली. तिचं नाव व्हाइटहॉल अभ्यास. सगळे कायम नोकरीतले, तरी हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण तळच्या श्रेणीत वरच्यापेक्षा सुमारे तिप्पट निघालं. धूम्रपान, कोलेस्टेरॉल हिशेबात धरूनही फरक बराचसा उरलाच. १९८५ नंतरच्या दुसऱ्या पाहणीत, ज्यांना आपलं काम आपल्या हातात नाही असं वाटत होतं, त्यांच्यात हृदयविकार अधिक आढळला. ‘टेन्शन घेऊ नका’ या सल्ल्याचा म्हणूनच फारसा उपयोग नाही. कामांचा क्रम आपण ठरवणं, सुट्टीची वेळ पक्की असणं, एकाच वेळी दोघा साहेबांचे हुकूम नसणं, असं काही मागून मिळत असेल तर ते मागा.

प्रश्न : रात्रपाळीत ३ वाजता पोटभर जेवतो. वाईट का?

उत्तर : हो. रात्री इन्सुलिनची चाल मंदावते, त्यामुळे तेच ताट दुपारपेक्षा साखर जास्त चढवतं. मुख्य जेवण पाळीआधी करा, १२ ते ५ मध्ये भूक लागलीच तर थोडंसं खा. कॉफीचा शेवटचा कप झोपायच्या ६ तास आधी. आणि खोलीत काळोख करा, अगदी पडद्याच्या फटीतूनही उजेड नको.