लष्करी तळाचं पाणी कंपनीच्या ताब्यात जातं तेव्हा

अमेरिकेतल्या लष्करी तळांवरच्या पाणीपुरवठा आणि सांडपाणी यंत्रणा खासगी कंपन्यांना विकल्या जातात. त्याविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

कंपनी नेमकं काय विकत घेते? तळाची जमीनही जाते का?

जमीन जात नाही. नळ, व्हॉल्व्ह, पंप, टाक्या, हायड्रंट (आग विझवायला पाणी घेण्याचे नळखांब), मलवाहिन्या, चेंबर आणि शुद्धीकरण केंद्र असेल तर तेही, एवढ्याची मालकी विक्रीखताने कंपनीकडे जाते. जमिनीवरून ये-जा करण्याचा आणि खोदण्याचा फक्त वहिवाटीचा हक्क मिळतो. याचा आधार म्हणजे अमेरिकी कायदेसंग्रहाच्या १० व्या शीर्षकातलं कलम २६८८. संसदेने ते १९९७ मध्ये मंजूर केलं. सेवेचा करार दहा वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा करायचा असेल, तर तो फायद्याचा असल्याचं दाखवावं लागतं. कमाल मुदत ५० वर्षं. टेक्सासमधल्या एल पासो शहरालगतच्या फोर्ट ब्लिसवर २००४ पासून असाच ५० वर्षांचा करार चालू आहे.

यंत्रणेची रास्त बाजारकिंमत मागण्याची तरतूद कायद्यात आहे. मात्र अनेक करारांत कंपनी ही रक्कम पुढे सेवाशुल्कातून व्याजासह परत घेते. अमेरिकी संसदेसाठी सरकारी खर्च तपासणाऱ्या जीएओ या संस्थेने २००५ च्या अहवालात नेमकं यावर बोट ठेवलं होतं. म्हणून ‘सरकारला इतके डॉलर मिळाले’ ही बातमी वाचून काहीच कळत नाही. दर महिन्याच्या बिलात काय धरलंय, ते पाहायला हवं.

मग महिन्याच्या बिलात काय असतं?

साधारण तीन कप्पे. पहिला रोजच्या चालवणुकीचा आणि देखभालीचा. दुसरा नूतनीकरणाचा, म्हणजे आयुष्य संपलेले नळ आणि पंप बदलण्याचा. तिसरा सुरुवातीच्या सुधारणांचा: ताबा घेताना जे मोडकळीला आलेलं असतं किंवा नियमात बसत नाही, ते पहिल्या काही वर्षांत ठीक करायचं.

आमच्या मते या सगळ्या व्यवहाराचा जीव दुसऱ्या कप्प्यात आहे. लष्कराच्या वार्षिक अंदाजपत्रकात नळ बदलायला पैसे मागितले की ते रणगाड्यांच्या आणि बराकींच्या मागे पडतात, आणि फुटलेल्या जागी पट्टी मारून दिवस ढकलले जातात. करार झाला की तो पैसा बांधला जातो. पण आकडा बरोबर हवा. समजा तळावर १०० किलोमीटर जलवाहिन्या आहेत आणि त्यांचं आयुष्य सरासरी ७५ वर्षं धरलं. मग दरवर्षी सुमारे १.३३ किलोमीटर नळ बदलायला हवेत. कराराच्या वेळापत्रकात वर्षाला फक्त ५०० मीटर असतील, तर सगळे नळ बदलायला २०० वर्षं लागतील. कागदावर खासगीकरण झालं, जमिनीखाली जुनंच चाललं. निविदा तपासणाऱ्याने हा एक भागाकार सर्वांत आधी करावा.

दर कायमचा गोठलेला नसतो. जुन्या करारांत पहिल्या दोन वर्षांनी आणि नंतर दर तीन वर्षांनी दराची फेरनिश्चिती ठरलेली असे. ही बोलणी रखडतात आणि तोवर कंपनी जुन्या दराने काम करते, म्हणून पुढे बऱ्याच करारांत निर्देशांकाला जोडलेली वार्षिक दरवाढ आली.

ताबा घेताना सर्वांत जास्त गोंधळ कुठे होतो?

यादीत. जुन्या तळांवर नकाशे अपुरे असतात. युद्धकाळात घाईने टाकलेले ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे नळ, पाडलेल्या बराकींकडे जाणारे पण कधीच बंद न केलेले फाटे, डांबराखाली गेलेले व्हॉल्व्ह यांची कुठेच नोंद नसते. निविदेत ९० किलोमीटर लिहिलेले आणि प्रत्यक्षात १०० निघाले, तर कंपनी जादा पैसे मागणार, आणि ते मागणं योग्यच असतं.

म्हणून करार झाल्यापासून काम सुरू होईपर्यंत काही महिन्यांचा संक्रमणकाळ ठेवतात. त्यात दोन्ही बाजूंनी मिळून फिरायचं. प्रत्येक व्हॉल्व्ह उघडून-मिटून पाहायचा, किती फेरे फिरतो ते लिहायचं. प्रत्येक चेंबरचं झाकण काढायचं. मलवाहिन्यांत कॅमेरा घालायचा. नळाचा व्यास, तो कशाचा आहे आणि टाकल्याचं साल जीआयएस, म्हणजे संगणकीय नकाशावर चढवायचं. साल माहीत नसेल तर तुकडा कापून पाहायचा. अंदाजाने आकडा भरायचा नाही, कारण नूतनीकरणाचा सगळा हिशोब त्या सालावर चालतो. फाटा बंद आहे असं कोणी सांगितलं तरी दाब मोजल्याशिवाय यादीतून काढू नये.

फौज परदेशी गेल्यावर अर्धा तळ रिकामा होतो. पाण्यावर परिणाम होतो का?

होतो, आणि शहराची पाणीयंत्रणा चालवून आलेला माणूस इथेच चुकतो. आग विझवायला पुरेसं पाणी मिळावं म्हणून तळावरचे नळ मुळातच मोठे असतात. ३०० मिलिमीटर व्यासाच्या तीन किलोमीटर नळात सुमारे २१२ घनमीटर पाणी मावतं. रोजचा वापर ६०० घनमीटर असेल तर ते साडेआठ तासांत पुढे जातं. वापर ६० वर आला की तेच पाणी साडेतीन दिवस नळात पडून राहतं. क्लोरीन उतरतो, पाणी कोमट होतं, क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) वापरत असाल तर अमोनिया सुटून नायट्रिफिकेशन सुरू होतं, म्हणजे जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट-नायट्रेट करू लागतात. रिकाम्या बराकींच्या शॉवरमध्ये लेजिओनेला जिवाणू वाढायचा धोका असतो.

टेक्सासच्या नियमाप्रमाणे वितरणजाळ्यात सर्वत्र मोकळा क्लोरीन किमान ०.२ आणि क्लोरामाइन किमान ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर टिकायला हवं. त्यासाठी टोकाच्या हायड्रंटवरून ठरावीक दिवशी पाणी सोडावं, टाक्यांची पातळी खाली ठेवून पाणी फिरतं ठेवावं, आणि क्लोरीन टाकीपाशी न मोजता टोकाच्या बंद गल्लीत मोजावा. तुकडी परतण्याआधी इमारतीतले सगळे नळ सोडून धुवावेत. पण हे कोणी करायचं? कंपनीची हद्द इमारतीच्या तोंडाशी संपते. आतलं काम तळाच्या माणसांचं. ते कलमात लिहिलेलं नसेल तर दोघेही दुसऱ्याची वाट पाहतात.

हायड्रंटचं आणि उलट्या प्रवाहाचं काय?

हायड्रंट सहसा कंपनीचे. प्रवाहचाचणीत जाळ्यातला दाब २० पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) खाली जाऊ देऊ नये. उलटा प्रवाह, म्हणजे वापरलेलं पाणी पिण्याच्या नळात मागे शिरणं, रोखणारी उपकरणं इमारतीत किंवा वाहन धुण्याच्या जागी असतात, म्हणून बहुधा तळाची. त्यांची वार्षिक चाचणी कोण करणार हे नावानिशी ठरवावं. विमानांच्या हँगरमधली आग विझवणारी फेसयंत्रणा पिण्याच्या जाळ्याला जोडलेली असेल तर यात हयगय नको.

सांडपाण्यात वेगळी अडचण कोणती?

पावसाचं पाणी. जुन्या खापरी नळांच्या सांध्यांतून आणि चेंबरच्या झाकणांतून ते आत शिरतं. कोरड्या दिवशी ४० लाख लिटर येणारी वाहिनी जोराच्या पावसात दीड कोटीवर जाऊ शकते, आणि चेंबर उफाळतात. धूरचाचणीने, म्हणजे वाहिनीत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते पाहून, चोरवाटा शोधायच्या, मग आतून अस्तर लावायचं.

परवाना हा दुसरा मुद्दा. नदीत पाणी सोडण्याचा परवाना यंत्रणा चालवणाऱ्या नव्या कंपनीच्या नावावर करायचा असेल, तर संघराज्याच्या नियमाप्रमाणे जुन्या परवानाधारकाने किमान ३० दिवस आधी कळवावं लागतं. राज्याचा नियम वेगळा असू शकतो. ताबा १ तारखेला आणि परवाना नंतर, असं झालं तर मधल्या दिवसांतल्या प्रत्येक गळतीला कोण जबाबदार, यावर भांडण ठरलेलं.

महाराष्ट्रातल्या छावण्यांत असं चालतं का?

नाही. राज्यात पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि कामठी अशा सात छावण्या आहेत. लष्करी भागात एमईएस, म्हणजे लष्कराची अभियांत्रिकी सेवा, पाणी देते, नागरी भागात छावणी मंडळ. दोन्हीकडे मालकी सरकारी. हद्दीचा आणि जुन्या नकाशांचा प्रश्न मात्र तिथल्या अभियंत्यांनाही ओळखीचा वाटेल.

विमानतळांवरच्या आग विझवायच्या फेसातली रसायनं पाण्यात मुरली असतील तर खर्च कुणाचा?

ताब्याआधीचं प्रदूषण ही लष्कराची जबाबदारी, असं करारात स्वच्छ लिहून घ्यावं. पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, एप्रिल २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यात पीएफओए आणि पीएफओएस या दोन रसायनांची मर्यादा प्रत्येकी ४ नॅनोग्रॅम प्रतिलिटर ठरवली. इतकं खाली यायला दाणेदार सक्रिय कोळशाची टाकी किंवा आयन-विनिमय रेझिन लागतं. त्याआधीच्या करारांत हा खर्च कुणीच धरलेला नव्हता. म्हणून ताब्याच्या आधी प्रत्येक विहिरीचा नमुना घेऊन अहवाल कराराला जोडावा. पुढे शुद्धीकरण केंद्र बांधायची वेळ आली की पैसे कुणी द्यायचे, हे त्या अहवालावरून ठरवता येतं.