आई आश्रमात चालली नाहीये : तुमचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : मी ६९ वर्षांची, डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. यजमान जाऊन चार वर्षं झाली. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून दिवसातून एकदाच खाली उतरते. पुण्याला ज्येष्ठांसाठीच्या सोसायटीत वनबीएचके बघून आले, मला आवडलं. पण मुलगी रडायलाच लागली, म्हणे तू आश्रमात गेलीस तर सासरी मी काय तोंड दाखवू. बहीण म्हणते तिथे सगळे मरणाची वाट बघत बसलेले असतात. मुलगा कॅनडात, तो म्हणतो मस्त रिसॉर्ट आहे, घेऊन टाक. मला कुणाचंच पटत नाहीये. खरं काय असतं? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : काकू, माझी मावशी सात वर्षं अशाच एका सोसायटीत राहतेय, मी महिन्यातून एकदा तरी जाते, तिथेच जेवते, त्यामुळे डोळ्यांनी बघितलंय तेच सांगते.

आधी मुलीचं. वृद्धाश्रम वेगळा आणि हे वेगळं. पुण्यात अथश्रीसारखे ज्येष्ठांच्या घरांचे प्रकल्प येऊनसुद्धा वीसेक वर्षं होऊन गेली, तरी आपल्याकडे अजून सगळ्याला एकच शब्द. अशा ठिकाणी बहुतेक वेळा फ्लॅट तुमच्या नावावर, किल्ली तुमच्याकडे, गॅस तुमचा, मनात आलं तर पोहे करा नाहीतर खाली जाऊन जेवा. मुलीला एकदा सोबत घेऊन जा, दोन तास तिथे बसू दे, मग बोला.

मावशीच्या बिल्डिंगमध्ये दूधवाला दाराच्या कडीला पिशवी अडकवून जातो आणि नऊ वाजले तरी पिशवी तशीच दिसली की वॉचमन बेल वाजवतो, दार उघडलं नाही तर ऑफिसातून दुसरी किल्ली आणतो. दोन वर्षांपूर्वी मावशी बाथरूममध्ये पडली तेव्हा या पिशवीमुळेच कळलं, साडेनऊला ती हॉस्पिटलच्या रस्त्यावर होती. तुमची पिशवी डोंबिवलीत दारावर लटकत राहिली तर ती कुणाच्या आणि किती वाजता लक्षात येईल, हे मुलीला विचारा. रागावून नाही, प्रेमाने विचारा, कारण तिलाही तुमचीच काळजी आहे.

आता बहिणीचं. साडेबाराला डायनिंग हॉलमध्ये प्रत्येकजण आपापली लोणच्याची बरणी घेऊन येतो, झाकणावर फ्लॅट नंबर लिहिलेला. भांडणं भरपूर होतात, भाजी तिखट झाली, लायब्ररीतला पंखा कुणी बंद केला, गणपतीत आरती किती वाजता. मरणाची वाट बघणारी माणसं आरतीच्या वेळेवरून तावातावाने मीटिंगा घेतात का? पण बहीण अगदीच चुकीचं बोलत नाहीये, तेही सांगायला हवं. मावशीचा मेंढीकोटाचा चौघींचा डाव होता, एका पावसाळ्यात त्यातल्या दोघी गेल्या. महिनाभर मावशी हॉलमध्ये आली नाही, डबा खोलीतच मागवायची. जिथे सगळेच पंच्याहत्तरीच्या पुढचे तिथे हे वारंवार होणार आणि दर वेळी ते लागतं. शिवाय पोरांचा आवाज नाही. मावशी संध्याकाळी मुद्दाम कंपाउंडच्या त्या टोकाच्या बाकावर बसते, तिथून शेजारच्या शाळेची पोरं सुटताना दिसतात. तुम्हाला जिन्यातली गजबज लागत असेल तर ही उणीव तुम्हालाही जाणवेल.

मुलाच्या रिसॉर्टबद्दल मात्र मला जास्त बोलायचंय, कारण फसायला होतं ते इथेच. जाहिरातीत सगळे स्विमिंग पूलच्या कडेला हसताना दिसतात, आणि बरीच ठिकाणं असतात ती खरंच हिंडत्याफिरत्या माणसांसाठीच. तुम्ही विचारायचा प्रश्न एकच, मी अंथरुणाला खिळले तर काय? ऑफिसात नर्स असणं वेगळं आणि रात्री दोनला कूस बदलायला माणूस असणं वेगळं. ती बाई आपण ठेवायची का, पैसे कोण देणार, ती रात्री राहू शकते का, की तेव्हा आपल्याला दुसरीकडे हलवणार, हे तोंडी नको, करारात लिहून घ्या. आणि जाताना मेजरटेप न्या. महारेराने, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या घरांसाठी नियमावली काढलीय, त्यात लिफ्ट आहे, व्हीलचेअर जाईल असा कमीत कमी ९०० मिलिमीटरचा दरवाजा आहे, बाथरूममध्ये न घसरणाऱ्या फरशा आणि धरायला दांडे आहेत. बाथरूमचं दार नक्की मोजा, हॉल सगळे मोठेच दाखवतात. मेंटेनन्स दरवर्षी किती वाढतो आणि जेवण त्यात धरलंय का तेही विचारा. बऱ्याच ठिकाणी फ्लॅट मुलांना वारसाने मिळतो पण वय बसत नाही म्हणून त्यांना तिथे राहता येत नाही, हे दोघांनाही आत्ताच सांगून ठेवा.

आणि काकू, डोंबिवलीची जागा लगेच विकू नका. पुण्याच्या सोसायटीत भाड्याने मिळत असेल तर आधी तीन-चार महिने राहून बघा, त्यात एक पावसाळा येऊ दे.

प्रश्न : मी न्यू जर्सीला असतो. आई ७४, बाबा ७८, सांगलीत दोघंच. त्यांना पुण्याला अशा सोसायटीत ठेवलं तर मला रात्री झोप लागेल. ते नाही म्हणतात. मी बुकिंग करून टाकू का?

उत्तर : नको. "ठेवलं तर" हा शब्द तुम्ही लिहिलात ना, त्यांना नेमकी त्याचीच भीती वाटत असणार. सांगलीत त्यांचा डॉक्टर आहे, भाजीवाली आहे, बाबांचा सकाळचा कट्टा असेल, ७८ व्या वर्षी ते सगळं नव्याने उभं करणं फार जड जातं. डोंबिवलीच्या काकू स्वतःहून निघाल्यात, तुमचे आईबाबा नाही निघालेले. तोवर बाथरूममध्ये दांडे बसवून घ्या, शेजारी एक किल्ली द्या, ज्येष्ठांसाठीचा सरकारी हेल्पलाइन नंबर १४५६७ फोनजवळ मोठ्या अक्षरात लावून ठेवा. पुढच्या वेळी याल तेव्हा दोघांना पुण्याला एखादी सोसायटी नुसती दाखवायला न्या, चेकबुक घरी ठेवून. आणि पुढे घ्यायचं ठरलंच तर फ्लॅट त्यांच्या नावावर घ्या, तुमच्या नाही.