‘पळपुटे गुलाम’ लिहू नका

अमेरिकेत डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टन शहरात नदीकाठी, गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या हॅरिएट टबमन आणि थॉमस गॅरेट यांच्या नावाचं उद्यान आहे. त्यावर लेख लिहिणाऱ्या एका वाचकाने विचारलंय: गुलामगिरीतून निसटणाऱ्यांना गुपचूप मदत करणाऱ्या ‘अंडरग्राउंड रेलरोड’ला मराठीत काय म्हणावं? त्यात वाट दाखवणाऱ्यांना म्हणत ते ‘कंडक्टर’ तसंच ठेवावं का? आणि ‘पळपुट्या गुलामांना मदत करणारे’ हे वर्णन चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. अजिबात चालणार नाही. मराठीत ‘पळपुटा’ म्हटलं की दुसरा बाजीराव आठवतो. शब्दातच भित्रेपणाचा ठपका आहे. टबमन १८४९ मध्ये मेरीलँडमधून एकट्या निसटल्या आणि पुढे पुन्हा पुन्हा त्याच मुलखात शिरून जवळपास सत्तर जणांना बाहेर घेऊन आल्या. ‘फरारी’ हा शब्द फक्त १८५०च्या कायद्याचं नाव सांगताना, ‘फरारी गुलाम कायदा’ असा वापरा, कारण त्या कायद्याच्या लेखी ती माणसं फरारीच होती. एरवी ‘गुलामगिरीतून निसटलेली माणसं’ म्हणा. निसटण्यात कर्तेपण त्यांचं राहतं. ‘सोडवलेले’ म्हटलं की ते सगळं मदत करणाऱ्याकडे जातं.

‘दास’ही नको. रामदास, दासबोध, ‘विठ्ठलाचा दास’, या शब्दाला आपल्याकडे भक्तीचा मान आहे. ‘दास्य’चा अर्थ मात्र स्वच्छ राहतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, त्यांनी गुलामांना ‘दास्यत्वापासून मुक्त’ केलं असंच लिहिलंय. विल्मिंग्टनच्या लेखात त्या अर्पणपत्रिकेची आठवण जरूर द्या. मराठी वाचकाचं या माणसांशी असलेलं ते खरं आणि जुनं नातं आहे.

आता रेलरोड. ना रूळ होते, ना गाडी; होती ती चोरवाटांची आणि आसरा देणाऱ्या घरांची साखळी. ‘भुयारी रेल्वे’ म्हटलं तर मुंबईची मेट्रो डोळ्यांपुढे येते. ‘भूमिगत’ मात्र नेमका बसतो, कारण १९४२च्या लढ्यापासून, विशेषतः साताऱ्याच्या प्रतिसरकारामुळे, ‘भूमिगत कार्यकर्ते’ म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. पहिल्यांदा ‘अंडरग्राउंड रेलरोड ही भूमिगत चळवळ’ असं लिहा, पुढे नुसतं ‘भूमिगत चळवळ’ पुरेल. कंडक्टर म्हटलं की आपल्याला एसटी आठवते, म्हणून ‘वाटाड्या’. ज्यांच्या घरी माणसं लपली, ते ‘आसरा देणारे’.

हा फरक लेखात उपयोगी पडेल. गॅरेट विल्मिंग्टनचे लोखंडाचे व्यापारी, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे, आसरा देणारे. गुलामगिरीतून निसटलेल्या एमिलीन हॉकिन्स आणि तिच्या मुलांना मदत केल्याबद्दल १८४८ मध्ये न्यू कॅसलच्या न्यायालयात त्यांच्यावर खटले चालले आणि जबर दंड झाला. तरी त्यांनी काम थांबवलं नाही. याच कुटुंबाला मेरीलँडमधून डेलावेअरमध्ये आणणारे वाटाडे होते सॅम्युएल बरिस. ते जन्माने स्वतंत्र, पण कृष्णवर्णीय. दुसऱ्या एका प्रकरणात ते पकडले गेले, तेव्हा गोऱ्या गॅरेटना जिथे दंड झाला तिथे बरिसना विकण्याची शिक्षा झाली! लिलावात आयझॅक फ्लिंट या गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्याने गुलामांचा व्यापारी असल्याचं भासवून बोली लावली, म्हणून ते सुटले. उद्यानाला बरिस यांचं नाव नाही, पण तुमच्या लेखात ते असलंच पाहिजे.

२०१५ मध्ये डेलावेअरच्या राज्यपालांनी बरिसना मरणोत्तर माफी दिली. ‘माफी’ शब्द टाळता येणार नाही, कायदेशीर कृती तीच होती. पण ‘त्यांचा गुन्हा माफ झाला’ असं लिहू नका. मी असं लिहीन: ‘माणसांना गुलामगिरीतून निसटायला मदत केली म्हणून १८४७ मध्ये दोषी ठरवलेल्या सॅम्युएल बरिस यांना २०१५ मध्ये मरणोत्तर माफी देण्यात आली.’ यातलं ‘ठरवलेल्या’ गाळू नका.